अष्टमीचे पाणी

भाऊजी, आज पौर्णिमा. म्हणजे मुंबईच्या दर्याला सव्वाअकराला भरती, आणि तीही उधाणाची. कापसाच्या बाजारात आज हे कोणी कोणाला सांगितले नाही. लिंबाखालच्या तुमच्या दगडावर कोणी परगावचा गाडीवान तंबाखू मळत बसला होता. तो दगड कोणाचा, हे त्याला ठाऊक नव्हते आणि मीही सांगितले नाही. सांगायचे ते न सांगण्याची मला जुनीच खोड आहे.

तुम्हाला जाऊन बारा दिवस झाले. उद्या तेरवी. ताई परवापासून एकच विचारते आहे, "माय येईन का रे?" आणि माय काय म्हणते ते मी तिला सांगत नाही. माय म्हणते, "ज्यानं माह्या लेकाले बुडवलं, त्याच्या तेरवीचा घास माह्या नरड्याखाली उतरत नाही." चार वर्षे ती हेच म्हणत आली. चार वर्षे मी ते ऐकत आलो आणि भाकरी खात आलो.

तुमच्याशी तोंडाने बोलायला मला पुष्कळ दिवस होते. बाजारात रोज भेट होती. मी लोकांची पत्रे लिहीत ओट्यावर बसायचो, तुम्ही समोर दगडावर. मधे दहा पावले. ती दहा पावले मला चालता आली नाहीत, म्हणून आता लिहितो आहे. आणि तुम्हाला तर अक्षरओळख नव्हती.

तुम्ही मूळचे अकोल्याकडचे, मोर्णेच्या काठचे. मोर्णेत उन्हाळ्यात म्हैस बसली तर तिची पाठ कोरडी राहते. अशा माणसाला समुद्राचे वेड लागावे ही देवाची थट्टाच. एका साली कापसाच्या गाड्या घेऊन तुम्ही मुंबईला गेलात. बैलाचा पाय मोडला, वर तुम्हाला ताप भरला, बाकीच्या गाड्या परत फिरल्या आणि तुम्ही तिथेच राहिलात. एका कोळ्याने घरात ठेवून घेतले. सारा पावसाळा त्याच्या ओट्यावर बसून तुम्ही पाणी पाहिलेत. दसऱ्याला घरी आलात ते सुक्या बोंबलांची पुरचुंडी घेऊन. मायने ती उघडली, नाकाला पदर लावला आणि थेट उकिरड्यावर नेऊन टाकली. "जवाई गेला तवा मानूस होता," ती म्हणाली, "आला तवा मांजर होऊन आला." सगळ्यांत जास्त तुम्हीच हसलात. तुमचे-तिचे बिनसले ते तिथून, पण तेव्हा ते गोड बिनसणे होते.

मग रोज सकाळी दगडावर बसून तुम्ही दर्याची खबर द्यायला लागलात. "आज चौथ. तीनले भरती." "आज सातम. भांग लागला, पानी थंडं." कोळ्याने शिकवलेला हिशेब तुम्ही आम्हाला शंभरदा सांगितलात. तिथीची पाऊणपट करायची, तितक्या वाजता भरती. तिथून सहा तासांनी ओहोटी. अमावास्या-पौर्णिमेच्या सुमारास उधाण, पाणी फार चढते आणि फार उतरते. अष्टमीच्या सुमारास भांग, तेव्हा समुद्र अंगात जीव नसल्यासारखा असतो. मी तुम्हाला चिडवायचो, भाऊजी, उंटावरून शेळ्या हाकू नका. तुम्ही म्हणायचात, "अरे, उंटावरूनच दूरचं दिसते."

तरी लोक विचारायचे. दिवसच तसे होते. अमेरिकेत कोण कोणाशी कशासाठी लढते आहे ते आम्हाला धड माहीत नव्हते, पण त्या लढाईपायी विलायतेला आपला कापूस हवा झाला आणि वऱ्हाडात पैशाचा पूर आला. लोकांनी बैलांच्या शिंगांना चांदीची टोपणे केली. तार अजून आली नव्हती. मुंबईच्या बंदरात गठ्ठे चढले की धक्क्यावर भिजत पडले, ते कळायला आठवडा जायचा. मोठमोठे अडते तुमच्या दगडापाशी येऊन हळूच विचारायचे, दर्या कसा आहे. तुम्ही पागोटे सारखे करून सांगायचात. बरोबर किती निघायचे आणि चूक किती, ते कोणी पाहायला जात नव्हते.

आपला एक वाद मात्र कधी मिटला नाही. तुम्ही म्हणायचात, वारा नसताना लाट येते. मी म्हणायचो, कसे शक्य आहे, वाऱ्याशिवाय पान हलत नाही. एका दुपारी तुम्ही ताईची गोधडी ओढून आणलीत. एक टोक माझ्या हातात दिलेत, दुसरे तुमच्या, आणि मधे मूठभर सरकी टाकलीत. "धरून राय," म्हणालात आणि तुमच्याकडून झटका दिलात. गोधडीतून लाट आली आणि माझ्या मनगटाला लागली.

"तू हात हालवला का?"

"नाही."

"सरकी तुह्याकडं आली का?"

सरकी जागच्या जागी उडून परत पडली होती.

"मंग तुह्या हाताले काय लागलं? तिकडं दूर वादय होते, तुफान उठते. इथं आभाय कोरं असते, वारा पडेल असते, आन् लाट येऊन लागते. वैशाख लागला का दर्या असा खालून जागा होते. पाऊस महिनाभर दूर असते, त्याची लाट आधी येते. मोठ्या लाटा जथ्यानं येतात. तीन येतात, मंग जरा थांबते."

मी म्हणालो, ही गोधडी आहे, समुद्र नाही. ताई म्हणाली, माझी गोधडी फाटली. वाद तिथेच राहिला. भाऊजी, तुमचे खरे होते. हे वाक्य लिहायला मला चार वर्षे लागली.

आता महादूचे, माझ्या धाकट्या भावाचे, लिहितो.

महादू लहान असताना त्याला देवी आल्या होत्या. तो वाचला तर त्याला समुद्रस्नान घडवीन असा नवस मायने केला होता. समुद्र कुठे आणि आपण कुठे. नवस तसाच राहिला आणि पोराला मिसरूड फुटले. कापसाच्या दिवसांत गाड्या मुंबईला जाऊ लागल्या तेव्हा मायला तो आठवला. वैशाखात शेवटच्या गाड्या निघाल्या त्यांत महादूला धाडायचे ठरले. तुम्हाला तेव्हा गुडघेदुखीने धरले होते, नाही तर तुम्हीच जाणार होतात. म्हणून तुम्ही मला बोलावलेत आणि म्हणालात, "नारायना, कागद घे. पोरगा पहिल्यांदा दर्या पायते. सारं लिवून दे त्याले."

तुम्ही सांगत गेलात, मी लिहीत गेलो. स्नान अष्टमीस करावे. त्या दिवशी सहा वाजता भरती, म्हणजे दुपारी बारा वाजता ओहोटी. बारा वाजता उतरावे. गुडघाभर पाण्यात उभे राहावे, पुढे जाऊ नये. आधी काठावर बसून तीन मोठ्या लाटा जाऊ द्याव्या. पाठ समुद्राकडे करू नये. तुम्ही ते माझ्याकडून तीनदा वाचून घेतलेत. मी वैतागलो होतो. म्हणालो, भाऊजी, पोरगा अंघोळीला चालला आहे, लढाईला नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी गाड्या जुंपल्या. महादूने नवे पागोटे बांधले होते आणि तो सारखा त्याला हात लावून पाहत होता. माय कुंकू घेऊन आली आणि मला म्हणाली, "वाचून दाखव काय लिवलं ते." मी वाचले. अष्टमी ऐकताच तिने हात मागे घेतला.

"अष्टमीले? परबीबिगर दर्याले शिवू नाही, पाप लागते. माह्या नवसाचं काय? अमावस्या लिव."

"भाऊजी नको म्हणतात."

"तुह्या भाऊजीनं काय शास्त्र वाचलं? त्यानं मच्छ्या खाल्ल्या. लिव मी सांगतो ते."

तुम्हाला विचारून येतो म्हणायला हवे होते. तुमचे घर चार गल्ल्या पलीकडे. पण गाड्या निघत होत्या, माय डोळे वटारून उभी होती, आणि खरे सांगतो, मला तुमचे ते दर्यापुराण मनातून पोकळच वाटत होते. मी चाकूच्या टोकाने 'अष्टमी' खरवडली आणि तिथे 'अमावास्या' लिहिले. बाकी काही बदलले नाही. दुपारचे बारा तसेच ठेवले. गुडघाभर तसेच ठेवले.

रोज तिथी मोजणाऱ्या तुमच्यासमोर मी दोन वर्षे बसलो होतो. पंधराची पाऊणपट सव्वाअकरा. ज्या वेळी अष्टमीला समुद्र उतरून गेलेला असतो, त्याच वेळी अमावास्येला तो पुरा चढून उभा असतो. एक शब्द बदलला की सारा कागद फिरतो, हे मला कळायला हवे होते. कळले नाही, कारण मी कधी ऐकलेच नव्हते. मी फक्त चिडवत होतो.

मृगाच्या तोंडावर सदू गाडीवान परत आला. त्याच्या हातात महादूचे बोचके होते. सदू म्हणाला, आभाळ निरभ्र होते, वारा पडलेला, बरीच माणसे अंघोळीला आली होती. महादू कागद दोनदा वाचून उतरला. खडकाच्या कडेला गुडघाभर पाण्यात उभा राहिला, अगदी सांगितल्यासारखा. काठावर बसून लाटा मोजल्या का, असे मी विचारले. सदू म्हणाला, बसला होता, पण पर्वणीची वेळ टळते म्हणून लोकांनी घाई केली. मग लागोपाठ तीन आल्या. पहिलीने पागोटे नेले. तो ते धरायला वळला.

माय पहिल्यांदा बोलली ती तुमच्या नावाने. "त्या दर्यावाल्यानं माहा लेक खाल्ला." घरात सारी बिरादरी जमली होती. तुम्ही दारात उभे होतात. कागद तुमचा, बोल तुमचे, हे सगळ्या बाजाराला ठाऊक होते. तुम्ही एकदाच म्हणालात, "मी अष्टमी सांगतली होती." मग माझ्याकडे पाहिलेत.

मी खाली पाहिले.

चोर सोडून संन्याशाला सुळी म्हणतात ती अशी. मी करून सवरून नामानिराळा राहिलो. लोक म्हणाले, आता अंगाशी आले म्हणून अष्टमी म्हणतो. त्या दिवसापासून मायने तुम्हाला दार बंद केले. ताई एकटी यायची, एकटी जायची. तुम्ही दगडावर बसणे सोडले नाहीत, पण खबर देणे सोडलेत. कोणी विचारलेच तर म्हणायचात, "मले काय माहीत बाप्पा, मी वऱ्हाडातला मानूस." कधीकधी तुमची बोटे पेरांवरून फिरताना दिसायची. तिथीची पाऊणपट चालली आहे हे मला कळायचे आणि मी लेखणी शाईत बुडवायचो.

मला तुमचा रागही आला, हे लिहून टाकतो. तुम्ही एकदा ओरडून का नाही सांगितलेत? माझी गचांडी का नाही धरलीत? तुम्ही मला मारले असते तर मी त्याच दिवशी मोकळा झालो असतो. तुमच्या गप्प बसण्याने मला जन्माचे बांधून ठेवले. मी स्वतःला समजावत होतो की तुम्हाला कळलेच नसेल. वाचता तर येत नाही. पोराने आपले ऐकले नाही, इतकेच तुम्हाला वाटत असेल. या समजुतीवर मी चार वर्षे झोपलो.

पुढे ती लढाई संपली आणि कापसाचा भाव खाली आला. शिंगांवरची टोपणे निघाली. तार आली, रूळ बडनेऱ्यापर्यंत आले, बंदराची खबर कचेरीत दिवसाच्या दिवसाला मिळू लागली. भाव पडला त्या दिवशी तुम्ही माझ्या ओट्यापाशी थांबला होतात. चार वर्षांत ती दहा पावले तुम्हीच एकदा चाललात. म्हणालात, "पाय, वादय तिकडं झालं, लाट इथं लागली. वारा होता का इथं?" आणि हसलात. मी म्हणालो, "गोधडी आनू का?" तेवढेच. त्या दिवशी सांगता आले असते. तुम्ही थोडे थांबलाही होतात.

मग या कार्तिकात ताप आला. मी येऊन उशाशी बसलो. तुम्ही विचारलेत, "आज कोनती तिथी?" मी म्हणालो, "चतुर्थी." तुम्ही म्हणालात, "तीनले भरती." दिवे लागायच्या आधी गेलात. मी मूर्खासारखी पाऊणपट करून पाहिली, काही जुळते का ते. काही जुळले नाही. भरती होऊन गेली होती आणि ओहोटीला अजून अवकाश होता.

आज दुपारी ताईकडे गेलो होतो. ती तुमचे कपडे वेगळे करत होती. तुमच्या जुन्या बंडीच्या खिशातून तिने एक कागद काढला आणि माझ्यापुढे धरला. घडीवर घडी पडून तो फाटायला आला होता. माझेच अक्षर. सदूने आणलेल्या बोचक्यातला तो कागद कुठे गेला, याचा मी चार वर्षे शोध घेतला नव्हता. सापडू नये असेच वाटत होते.

"तुले माहीत हाये यात काय हाये?" ताईने विचारले.

मी कागद हातात घेतला.

"त्याईनं तवाच पंतोजीकडून वाचून घेतला होता. पंतोजीनं उन्हात धरून सांगतलं, इथं आधी अष्टमी होती, खोडली हाये."

"मंग बोलले काहून नाही?"

"मी बी तेच म्हनलं. मी लय भांडली त्याईच्याशी. तं म्हने, नारायन आपल्या मनानं खोडनारा नाही. बुढीनं सांगतलं असंन. बुढीले समजलं का आपल्याच सांगन्यानं पोरगा गेला, तं ते दुसऱ्या दिवशी मरंन. मले शिव्या देऊ दे तिले. शिव्या देऊन जगून राहिली ना."

भाऊजी, तुम्ही दारात माझ्याकडे पाहिलेत ते विचारण्यासाठी होते. उत्तर न मिळाल्यावर पुढचे सगळे तुम्ही एकट्यानेच ठरवलेत. ज्या बाईने तुमचे बोंबील उकिरड्यावर टाकले, तिचे जगणे तुम्ही आपल्या नावावर घेतलेत. मी आजवर एवढी लोकांची पत्रे लिहिली, पण या जागी काय लिहितात ते मला माहीत नाही. उपकार हा शब्द लहान पडतो आणि क्षमा मागायला तुम्ही उरला नाहीत.

ताई म्हणाली, "मी तुले सांगा म्हनत नाही. त्याईनं झाकलं, तू झाकून ठेव. मले फक्त माय तेरवीले पायजे."

वाटेने मी पुष्कळ विचार केला. तुम्ही झाकलेले मी उघडे करावे का? माय साठीला आली. तुम्ही म्हणालात तसे झाले तर? पण मग उद्याच्या पंगतीत तिचे पान रिकामे राहील, आणि तुम्ही बुडवणारे म्हणूनच राहाल, तुमच्या नातवंडांपर्यंत. तुमचे ऐकायचे की नाही, हा प्रश्न माझ्यापुढे दुसऱ्यांदा आला होता. पहिल्यांदा ऐकले नाही आणि घात झाला. या वेळीही मी ऐकले नाही. बरोबर केले की चूक, तुम्हीच सांगा.

माय ओसरीवर तूर निवडत बसली होती. मी समोर बसलो. कागद काढला आणि वाचला, जसा तुम्ही सांगितला होतात तसा, अष्टमीसकट. मग म्हणालो, "माय, जवायानं अष्टमी सांगतली होती. अमावस्या म्या लिवली."

तिचे हात तुरीत थांबले.

"तू नाही लिवली," ती म्हणाली. "म्या लिवाले लावली."

"चाकू माह्या हातात होता, माय."

ती रडली नाही. मला वाटले होते रडेल, नाही तर मला सूप फेकून मारेल. तिने मला एकच विचारले, जे तिने तुम्हाला कधी विचारले नव्हते. बाजारातले सगळे विचारायचे, ती कधीच नाही.

"अष्टमीले दुपारी पानी किती रायते?"

"गुडघ्याएवढं."

तिने हात उचलून स्वतःच्या गुडघ्यावर ठेवला आणि पाहिले, किती ते. हात तिथेच राहिला. सूप मी उचलून आत ठेवले, तरी ती तशीच बसली होती.

"उद्या गाडी लवकर जुप," शेवटी ती म्हणाली. "लेकीकडं पंगतीच्या आधी जायचं हाये. आन् तो कागद मले दे, माह्यापाशी राहू दे."